वजनाचा काटा आणि शिंप्याची टेप

ओळखीचा माणूस चार महिन्यांनी भेटला आणि त्याचे पोट थोडे पुढे आलेले दिसले, की आपण कौतुकाने म्हणतो, ‘तब्येत सुधारली बरं का!’ त्यानेच खटपट करून चार किलो वजन उतरवले, की काळजीने विचारतो, ‘का हो, वाळलात? बरं नव्हतं का?’ आपल्या भाषेने लठ्ठपणाला असे लाडावून ठेवले आहे. तान्ह्याच्या बाळशाचे कौतुक शोभते. पंचेचाळिशीतले बाळसे मात्र महागात पडते.

ते केवळ जाड माणसालाच महागात पडते असेही नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, देहभारांक २२.३. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिनांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! वरून सडपातळ, आतून मेदस्वी असा आपल्यापैकी पुष्कळांचा देह असतो. पोटात साठलेली ही चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते आणि मधुमेहाला वाट करून देते.

म्हणून काट्याइतकाच शिंप्याच्या टेपचाही सल्ला घ्यावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी, श्वास सोडावा आणि पोट आत ओढू नये. प्रामाणिकपणाची परीक्षा इथेच आहे! पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ओलांडले, तर सावध व्हावे.

सावध झालेला माणूस बहुधा तडक उपास सुरू करतो. उपाशी राहून वजन झपाट्याने उतरते खरे. पण चरबीबरोबर पाणी आणि स्नायूही जातात, आणि स्नायूंची शिल्लक आपल्याकडे मुळातच कमी. त्यातून आपला उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी! त्यापेक्षा ताटाची मांडणी बदलावी. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे. पाव ताट घट्ट वरण, उसळ, दही, अंडी किंवा मासळी यांचे. उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. तेलाच्या बुधलीवर नजर ठेवावी. मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० उष्मांक असतात. ते जाळायला जवळजवळ अर्धा तास झपझप चालावे लागते.

चालणे आठवड्याला किमान १५० मिनिटे हवे, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. तो वारसा, जोर-बैठकांसह, बिनखर्चाचा आहे. ‘घरात दिवसभर राबते, तिला वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न मात्र सोडून द्यावा. ओट्यापाशी उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. तिलाही रोजचा अर्धा तास मोकळा मिळाला पाहिजे. मधुमेहाची औषधे चालू असतील किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

घाई नको. आठवड्याला अर्धा किलो पुरे. ऐंशी किलोच्या माणसाने चार ते आठ किलो उतरवले, तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो.

आणि दिवाळीचा फराळ? तो जरूर खावा. फक्त डबा मांडीवर घेऊन नव्हे. एक लाडू, दोन चकल्या बशीत वाढून घ्याव्यात, चवीने खाव्यात आणि डब्याचे झाकण घट्ट लावावे.