स्टिरॉइडची गोळी एकदम का थांबवायची नाही?

आजचा विषय आमच्या घरातूनच आलाय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. हा भाग समजून घेण्यासाठी आहे, डोस ठरवण्यासाठी नाही.

माझ्या आईला आमवात आहे, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळी आईची बोटं इतकी आखडायची की कुकरचं झाकण लागायचं नाही. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलं, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर सूज दाबून ठेवायला प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड. (जिमवाली स्टिरॉइड्स वेगळी बरं का!) आठवड्याभरात आई पोळ्या लाटायला लागली.

असाच चमत्कार १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दिसला होता. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्ण बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि जेमतेम हालचाल करू शकणाऱ्या त्या बाई काही दिवसांत चालायला लागल्या. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण जास्त डोस, जास्त दिवस दिला की काय होतं तेही लवकरच कळलं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग पटकन होतो.

नेमकी हीच यादी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर आली. गोळी सुरू होऊन दोन महिने झाले होते, बरंही वाटत होतं. तिने कुणाला न सांगता गोळी बंद केली. चौथ्या दिवशी उलट्या, चक्कर, अंथरुणातून उठवेना. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब एकदम खाली. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "कुठली गोळी बंद केलीत का?"

झालं काय होतं? आपल्या मूत्रपिंडांवर अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात. रक्तदाब टिकवायला, आजारपण आणि ताण झेलायला ते लागतंच. गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी भरली की आतला बॉल वर येतो आणि नळाचं पाणी थांबतं. गोळी म्हणजे बाहेरून आलेला टँकर. टाकी कायम भरलेली, म्हणून मेंदू अ‍ॅड्रिनलला म्हणतो, "तू थांब." असं तीन-चार आठवड्यांच्या वर चाललं की तो नळ गंजतो. मग टँकर अचानक बंद केला तर टाकी रिकामी आणि नळही सुरू होत नाही.

म्हणून डोस हळूहळू उतरवतात. नळ पुन्हा सुटायला वेळ मिळतो, आणि दबलेला आजार उसळतोय का तेही कळतं. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला कित्येक महिने.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घ्यायची, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच जास्त असतं. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा. आणि ताप आला, ऑपरेशन ठरलं किंवा दाताच्या डॉक्टरकडे गेलात, तर स्टिरॉइड चालू आहे हे आधी सांगा.

आईच्या फाइलवर डोस कसा उतरवायचा ते तारखांसकट लिहिलेलं होतं. आईला डॉक्टरांचं अक्षर लागत नाही, आणि मी फाइल उघडलीच नव्हती. आता तो कागद फ्रिजवर चिकटवलाय, माझ्या मोठ्या अक्षरात.

तुमच्या घरातली फाइल आज एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!