पेंडशांचे कोकण आणि आपला मोहल्ला

दापोलीहून हर्णैच्या बाजूला उतरू लागले की आसूद-मुर्डीचा हिरवागार परिसर लागतो. नारळी-पोफळीच्या बागा, त्यांतून खेळवलेले पाणी, आणि पुढे हर्णैचे बंदर व पाण्यातला सुवर्णदुर्ग. यांपैकी मुर्डी गावात ५ जानेवारी १९१३ रोजी श्रीपाद नारायण पेंडसे यांचा जन्म झाला. लहानपणीच ते मुंबईला गेले आणि पुढे बेस्टमध्ये नोकरीला लागले. पोट मुंबईत आणि मन गावात, ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराघराची कहाणी आहे. पेंडशांनी मनातले ते गाव कागदावर उतरवले, एवढाच काय तो फरक.

‘एल्गार’, ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’, ‘रथचक्र’, ‘तुंबाडचे खोत’ या त्यांच्या कादंबऱ्यांमुळे समीक्षकांनी त्यांना ‘प्रादेशिक कादंबरीकार’ म्हटले. ते खरे आहे, पण अपुरे आहे. आणि आपल्याकडे तर आणखी एक प्रश्न ऐकू येतो : ‘‘ही सगळी खोतांची आणि ब्राह्मणांची गोष्ट. यात आपले काय?’’

या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांच्या पहिल्याच कादंबरीत आहे. ‘एल्गार’ १९४९ साली प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर १९४६ मध्ये बंगालमधल्या नौखालीत भीषण दंगल झाली होती. तिचे पडसाद शेकडो कोस दूर, कोकणातल्या एका खेड्यात कसे उमटतात, हा या कादंबरीचा विषय. फाळणीचे रक्त अजून वाळले नव्हते, तेव्हा एका तरुण लेखकाला पहिली कादंबरी लिहिताना हिंदू-मुसलमानांच्या शेजाराची काळजी वाटली, ही गोष्ट आपण विसरू नये.

नौखाली कुठे आहे हे आपल्या खेड्यांत तेव्हा किती जणांना ठाऊक असेल? गावात दंगल झालेली नसते, झालेली असते ती फक्त बातमी. तरी कालपर्यंत एकमेकांच्या अंगणातून ये-जा करणारी माणसे एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. हे कोकणातले चित्र जगातल्या कुठल्याही गावाला लागू पडते. आज तर बातमीला यायला दिवससुद्धा लागत नाही. कुठल्या तरी परक्या शहरातली चित्रफीत मोबाइलवर येते आणि संध्याकाळी बाजारात ओळखीचा दुकानदार मान वळवतो. बातमी आली तर आधी तिची खातरजमा करा, नाहीतर नकळत एखाद्या समूहावर अन्याय कराल आणि मग पस्तावाल, ही सूरह अल-हुजुरातची शिकवण आहे. ती आपण दुसऱ्यांना ऐकवतो तितकी ‘फॉरवर्ड’ करण्यापूर्वी स्वतःला ऐकवतो का, हेही विचारायला हवे.

दुसरे उत्तर ‘रथचक्र’मध्ये सापडते. १९६२ साली आलेल्या या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्या नायिकेला नावच नाही. लेखक तिला फक्त ‘ती’ म्हणतो. नवरा घर टाकून निघून गेला आहे. मुलांनी शिकले पाहिजे, या एकाच ध्यासावर ती उभी आहे.

आपल्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांतून जरा फिरून पाहा. आधी जहाजावर आणि आफ्रिकेत, नंतर कुवेत, सौदी, दुबईत पुरुष गेले आणि घरे बायकांनी चालवली. आपली माणसे घर टाकून गेली नव्हती, घरासाठीच गेली होती. त्यांचे पैसे येत होते, पत्रे येत होती. हा फरक मोठा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. पण पावसाआधीची शाकारणी, सासूचे आजारपण, मुलाच्या शाळेचा दाखला, जमिनीच्या तंट्यात तलाठ्याकडचे हेलपाटे हे सारे तिने एकटीने केले. नवरा दोन वर्षांनी महिनाभर येई आणि पाहुण्यासारखा परत जाई. मुले शिकली, डॉक्टर-इंजिनिअर झाली. श्रेय कुणाला मिळाले? गल्फच्या पैशाला. तिचे नाव कुणी घेतले नाही. पेंडशांनी नायिकेला नाव दिले नाही, याचा अर्थ ‘रथचक्र’ वाचताना आपल्या दादीच्या, अम्मीच्या चेहऱ्यासह समोर उभा राहतो.

खोतांचेही तसेच. ‘गारंबीचा बापू’मध्ये सुपारीच्या बागांच्या गावात एक गरीब, बदनाम ठरवलेला पोरगा खोताच्या सत्तेला आव्हान देतो. ‘तुंबाडचे खोत’मध्ये जगबुडीच्या काठावरच्या एका घराण्याच्या चार पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास येतो. पण खोती ही काही एका जातीची मिरास नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यात मुसलमान खोतही होते. आजही ‘खोत’ आडनाव दोन्हीकडे आढळते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तेव्हा ती दोघांचीही गेली. जमिनीने चढवलेला माज आणि जमीन सुटल्यावर उरलेला पोकळ बडेजाव आपल्याही जुन्या घरांना अनोळखी नाही.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पेंडशांनी आपले घर पाहिले ते शेजाऱ्याच्या नजरेने, अंगणातून. माजघरातली बोली, लग्नातली गाणी, रमजानच्या पहाटेची लगबग शेजाऱ्याने कितीही प्रेमाने पाहिली, तरी ती आतल्या माणसानेच लिहायची असते. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६५ साली ‘इंधन’ लिहून कोकणातला मोहल्ला आतून दाखवला. त्यांच्या सामाजिक विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत आणि राहतील. पण कादंबरी म्हणून ‘इंधन’ने जे दार उघडले, त्यातून आपल्यापैकी फार थोडे जण आत गेले.

कौमे आणि कबीले केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून, असेही त्याच सूरह अल-हुजुरातमध्ये सांगितले आहे. ओळख पटायला आधी कुणीतरी आपली गोष्ट सांगावी लागते. मुर्डीच्या लेखकाने आपल्या वाडीची गोष्ट इतक्या खरेपणाने सांगितली की ती मोहल्ल्यालाही आपली वाटते. प्रादेशिक असणे आणि साऱ्या माणसांचे असणे यांत विरोध नाही, हेच त्यातून समजते.

या सुट्टीत गावी जाल तेव्हा ‘रथचक्र’ बरोबर न्या. वाचून झाले की दादीजवळ बसा. दादा परदेशात असताना घर कसे चालवले, ते तिला विचारा आणि ती सांगेल ते वहीत उतरवा. वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव लिहायला मात्र विसरू नका.