चाळीस गुंठ्यांची पट्टी

अपूर्णांकाचा खेळ रचताना आधी ठरवावे लागते ते ‘पूर्ण’ कशाला म्हणायचे. सवयीने हात भाकरीकडे किंवा केककडे जातो. चतकोर भाकरी मुलाला ठाऊक असते. पण वर्तुळाचे पाच सारखे भाग मोठ्यांनाही पाडता येत नाहीत, आणि भाग सारखे नसतील तर अपूर्णांक उरतच नाही. नीरा डाव्या कालव्यावरच्या बारामती-इंदापूरच्या मुलाला याहून सोयीचे ‘पूर्ण’ घरच्या बोलण्यात मिळते: एकर. गुंठे चाळीस. वीस म्हणजे अर्धा, दहा म्हणजे पाव, पाच म्हणजे पावाचा अर्धा.

डिसेंबर २०२४च्या ‘परख’ सर्वेक्षणात देशातल्या सहावीच्या अवघ्या २९ टक्के मुलांना अर्धा, पाव असे नेहमीचे अपूर्णांक दाखवता आणि ताडून पाहता आले. यातली ठरलेली चूक शिक्षकांच्या परिचयाची आहे: आठ चारापेक्षा मोठे, म्हणून एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. त्या घोकंपट्टीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द बाजारात अजून जिवंत आहेत आणि वर्गात मात्र ‘तीन छेद चार’ परक्यासारखा येतो, हे खटकते.

खेळाला जुन्या पुठ्ठ्याच्या ४० सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्या पुरतात. एक अखंड ठेवायची. बाकीच्यांचे २०, १० आणि ५ सेंटीमीटरचे तुकडे करायचे. फाशाच्या एका बाजूवर १/२, दोन बाजूंवर १/४, तीन बाजूंवर १/८. पडेल तो तुकडा आपल्या एकरावर ठेवायचा. एकर नेमका भरेल तो जिंकला. शेवटी पावच जागा उरली आणि फाशावर अर्धा पडला, तर डाव हुकतो. तो का हुकला यावरून होणारी भांडणे शिक्षकाने मिटवायची घाई करू नये; गणित तिथेच घडते. उलटा डाव अधिक कसाचा. भरलेल्या एकरातून तुकडे काढायचे. अर्ध्यातून अर्धपाव काढायचा तर अर्धा आधी मोडून घ्यावा लागतो, आणि सममूल्य अपूर्णांक व्याख्येवाचून हाती येतात.

अशा खेळांची पद्धत जगभर रुळलेली आहे. अमेरिकी गणितशिक्षिका मॅरिलिन बर्न्स यांचा रंगीत पट्ट्यांचा संच त्यातला प्रसिद्ध. पण संच विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा मुलांनीच घड्या घालून पट्ट्या कापलेल्या बऱ्या. समान भाग म्हणजे काय, ते कात्रीच शिकवते.

एक मोह मात्र आवरावा लागतो: पट्टीवर गुंठ्यांच्या रेघा आखण्याचा. रेघा आल्या की मुले दहा, वीस मोजतात आणि अपूर्णांक बाजूला पडतो. पट्टी कोरीच हवी. नंतरच्या फेरीत अर्ध्या एकरालाच ‘पूर्ण’ म्हणायचे. काल पाव असलेला तुकडा आज अर्धा होतो. इथे वर्ग गोंधळतो, आणि गोंधळायलाच हवा.

चाळीसाची एक अडचण उरते. तीन भावांत एकर वाटला तर प्रत्येकी तेरा गुंठे आणि वर एक तृतीयांश. त्यासाठी वेगळी, ४८ सेंटीमीटरची पट्टी घ्यावी: तृतीयांश १६चा, षष्ठांश ८चा, बारावा भाग ४चा. सातबारा हा अपूर्णांक नाही, गावच्या नमुना सात आणि नमुना बाराचा तो जोडउतारा. पण या पट्टीवर सात छेद बारा मांडता येतो. तो २८ सेंटीमीटर भरतो.