हिरव्याच्या आतला तपकिरी

बंदुकीचा दस्ता म्हणजे अक्रोडाचं लाकूड, हे अमेरिकी सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं गणित विमानं बनवणाऱ्या एका कंपनीच्या छोट्या शाखेनं बदललं. फेअरचाइल्डची ही शाखा, आर्मालाइट, कॅलिफोर्नियात होती. यूजीन स्टोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वापरून तिथं एआर-१५ ही हलकी रायफल घडवली. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट या बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. कोल्टनं काढलेलं पहिलं मॉडेल ६०१. ते फार थोडं बनलं, आणि त्यानंतरच्या रायफली काळ्या दस्त्यानिशी आल्या. म्हणूनच आज अमेरिकेतल्या हौशी संग्राहकांचा जीव ६०१च्या हिरव्या दस्त्यात अडकलेला असतो.

हा हिरवा मुळात वरून मारलेला रंग होता! दस्ता, मूठ आणि नळीभोवतीचं आवरण काचतंतू मिसळलेल्या राळेचं असे आणि साच्यातून ते तपकिरी, चट्ट्याचट्ट्यांचं बाहेर पडे. त्यावर कारखान्यातच हिरवा हात फिरवला जाई. वर्षानुवर्षांच्या हाताळणीनं कडांवरचा हिरवा झिजला आणि खालचा तपकिरी डोकावू लागला. संग्राहकाला भुरळ पडते ती या डोकावण्याचीच.

अस्सल जुने भाग दुर्मीळ आणि महाग. मग स्वस्तातला काळा प्लास्टिकचा दस्ता घेऊन त्यालाच ते रूप देण्याचा उद्योग सुरू होतो, आणि इथं काळ उलटा चालवावा लागतो. साठ वर्षांनी जे दिसायला हवं, ते सगळ्यात आधी रंगवायचं. पहिला हात तपकिरी, तोही एकसारखा नाही. दोन-तीन छटा स्पंजनं टिपून चट्टे उठवायचे. तो पूर्ण वाळला की वर हिरवा. मग बारीक पॉलिश पेपरनं कडा हलकेच घासायच्या, तपकिरी दिसेपर्यंत. हात जरा जड पडला की त्याखालचा काळा उघडा पडतो आणि सगळं सोंग उघडं होतं.

पण प्लास्टिकवर रंग मुळात टिकतोच कसा? लाकडाला सूक्ष्म छिद्रं असतात, रंग त्यांत मुरतो. साच्यातून निघालेलं प्लास्टिक मात्र गुळगुळीत असतं आणि साचा सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश त्यावर राहू शकतो. म्हणून आधी साबणानं, मग अल्कोहोलनं पुसायचं, पॉलिश पेपरनं बारीक ओरखडे काढायचे आणि प्लास्टिकसाठीच्या प्रायमरचा पातळ हात द्यायचा. ओरखड्यांत रंगाला पकड मिळते. या तयारीत आळस केला तर पोपडे निघणारच.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती झिजेची भाषा. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून चमक दिसत नाही. सतत घासल्यानं तिथली सूक्ष्म टोकं सपाट होतात आणि तेवढीच जागा तुकतुकीत होते. म्हणजे मूठ चमकायला हवी, दस्त्यावर गाल टेकतो ती जागाही चमकायला हवी. खाचांमध्ये मात्र रंग कोरा आणि मंदच राहायला हवा. सगळीकडे सारखेच ओरखडे ओढलेली नक्कल पाहिली की मला वाईट वाटतं: रंग बरोबर असतो, पण तो दस्ता कुणाच्या हातात राहिलाय असं काही वाटत नाही.

आणि हिरवा जुळवायचा तो कुठल्या उजेडात? दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे हिरवे दुपारच्या उन्हात हुबेहूब एक दिसू शकतात आणि एलईडीखाली एक पिवळट, दुसरा निळसर भासू शकतो. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातल्या वेगळ्या लहरी परत पाठवतं आणि प्रत्येक दिव्यात त्या लहरींचं प्रमाण वेगळं असतं. त्यामुळे नमुन्याची पट्टी उन्हात, सावलीत आणि घरातल्या दिव्याखाली अशी तिन्हीकडे धरून पाहावी, आणि मगच डबा उघडावा.