‘दिसतं की त्याला सगळं!’

‘आकाशात विमान कुठंय ते हा सगळ्यांच्या आधी दाखवतो. फरशीवरची टाचणी उचलतो. याच्या डोळ्यांना काय झालंय?’ मुलाचे डोळे एकदा तपासून घ्या म्हटलं की आईबाप हे ऐकवतात. आजी-आजोबा तर जरा जास्तच ठासून. वर पुन्हा, ‘दिसत नसतं तर बोलला नसता का?’

नाही, नसता बोलला. ज्याला पहिल्यापासून धूसरच दिसतंय, त्याला ते धूसर आहे हे कळणार कसं? फळ्यावरचं दिसलं नाही तर तो शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतो, आणि पालकसभेत आपल्याला कळतं की ‘मुलाचं लक्ष नसतं’.

आता विमान आणि टाचणी. दोन्ही गोष्टी मूल दोन्ही डोळे उघडे ठेवून बघतं आणि त्यासाठी एक चांगला डोळा पुरतो. समजा, उजव्या डोळ्याला नंबरच नाही आणि डाव्याला प्लस चार आहे. मेंदू उजव्याचं स्पष्ट चित्र घेतो आणि डाव्याचं सोडून देतो. बाहेरून काही कळत नाही. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, तिरळाही असेलच असं नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. पुढे तो उघडला तेव्हा डोळा धड होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला दाद देईनात. या दोघांना दृष्टीवरच्या संशोधनासाठी १९८१ साली नोबेल मिळालं. मेंदूने डोळा वापरायला शिकण्याची ही मुदत मुलांच्या बाबतीत आठवड्यांची नसून वर्षांची असते, पण असते. ती उलटल्यावर नुसता चष्मा देऊन त्या डोळ्याला पूर्ण दिसेलच असं नाही.

वेळेवर कळलं तर उपाय साधा आहे: आधी चष्मा, आणि गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी चष्म्याच्या जोडीला पट्टी आणि चांगला डोळा धूसर करणारे थेंब दिलेल्यांत ५३ टक्के मुलांची नजर सुधारली. नुसत्या चष्म्यावर २५ टक्के. म्हणजे सातव्या वर्षानंतर काही होत नाही, हाही गैरसमजच. पण त्याआधी डोळा जास्त लवकर आणि जास्त चांगली साथ देतो.

घरी एवढं करून बघा. मुलाचा एक डोळा तळहाताने नीट झाका (बोटांच्या फटीतून मुलं हमखास बघतात), मग दुसरा. एक झाकला तर मूल निवांत खेळतं आणि दुसरा झाकला की हात झटकतं, रडतं, असं झालं तर थेट डॉक्टरांकडे जा. तसं झालं नाही तरी तपासणी टळत नाही.

‘पण त्याला अजून अक्षरं कुठं येतात?’ यायची गरज नाही. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढतात. काही महिन्यांच्या बाळाचाही काढता येतो.

बाकीचे गैरसमज झटपट:

चष्म्याने नंबर वाढतो: मलेशियातल्या ९४ मुलांवरच्या २००२ सालच्या अभ्यासात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्यांचाच नंबर जास्त वाढला.

तिरळेपणा भाग्याचा, मोठेपणी जातो: पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून सरकतात, ते चालतं. त्यानंतर नाही.

टीव्ही जवळून बघून डोळे बिघडले: बहुतेकदा उलटं असतं, नीट दिसत नाही म्हणून मूल पुढे सरकतं.

गाजराने चष्मा जातो: ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघते, नंबर नाही.

फोटोत एका बुबुळात पांढरी चमक, कॅमेऱ्याचा दोष: मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. त्याच आठवड्यात दाखवा.

तपासणी कधी? तीन-चार वर्षांचं होईपर्यंत एकदा तरी. घरात कुणाला तिरळेपणा किंवा लहानपणापासून मोठा नंबर असेल तर त्याआधी. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा जन्मतः दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तर तिसाव्या दिवसाच्या आत तपासायचा असतो. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात, पैसे पडत नाहीत. त्यांनी डोळ्यांसाठी पुढे पाठवलं, तर ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणू नका.