रिकाम्या ट्रामसाठी काढलेली बाग

रविवारी ट्राम रिकाम्या धावू लागल्या तर कंपनीने काय करावे? अमेरिकेतील पिट्सबर्गजवळच्या एका ट्राम कंपनीने १८९८ साली आपल्या मार्गावर सहलीची बागच काढली. तीच केनीवूड! १९०६ मध्ये मॅकस्विगन आणि हेनिंगर यांनी ती चालवायला घेतली. पुढे शतकभर ती त्यांच्याच घराण्यांकडे राहिली. २००७ साली ती एका स्पॅनिश कंपनीला विकण्याचे ठरले.

आपल्याला मात्र रस आहे तो १९२० च्या ‘जॅक रॅबिट’मध्ये. जॉन मिलर यांच्या या लाकडी रोलर कोस्टरला एकापाठोपाठ एक असे दोन उतार आहेत. दुसऱ्या उताराशी रूळ एकदम खाली वळतो. आपले शरीर मात्र जडत्वामुळे पूर्वीच्याच दिशेने जाऊ पाहते. बैठक खाली जाते आणि आपण क्षणभर अधांतरी! पण जडत्व गाडीलाही असतेच की. मग ती रूळ सोडून का उडत नाही? मिलर यांनी रुळाच्या खालच्या बाजूलाही चाके बसवली होती. त्यांचे पेटंट १९१९ चे. सपाटीवर ही चाके जवळजवळ बिनकामाची, पण अशा उतारावर सारी भिस्त त्यांच्यावर.

केनीवूडच्या १९२७ च्या ‘रेसर’मध्ये दोन गाड्या शेजारून शर्यत लावतात. डावीकडून सुटलेली गाडी परतते ती उजवीकडे. कारण तिथे रूळमार्ग दोन नाहीतच, एकच आहे.