मेगच्या टोपात चुंबक शोधू नका

मेग, म्हणजेच मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एमआरआयचा बोगदा आणि त्याची ठकठक येते. नावातल्या ‘मॅग्नेटो’नं केलेला हा घोटाळा. एमआरआयला दीड किंवा तीन टेस्लाचा चुंबक लागतो. मेगमध्ये तसा चुंबकच नसतो. हे यंत्र डोक्यात काहीही सोडत नाही. हजारो चेतापेशींत एकाच वेळी वीज खेळली की तिचं अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र कवटीबाहेर येतं, तेवढंच ते टिपतं.

किती क्षीण? पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण दहा कोटीवा हिस्सा. शेजारची लिफ्ट किंवा कपड्यांतला धातूचा हूकही त्याला बुडवून टाकतो. म्हणून तपासणी चुंबकरोधक खोलीत होते.

संवेदक (स्क्विड) अतिसंवाहक असतात, त्यासाठी उणे २६९ अंशांचं द्रव हेलियम लागतं. डोकं गारठत नाही. डोक्यावर येणारा टोप आणि हेलियम यांच्यामध्ये निर्वात पोकळी असते. हे संवेदक सुरुवातीपासून नव्हते. १९६८मध्ये डेव्हिड कोहेन यांनी मेंदूचं क्षेत्र प्रथम मोजलं ते तांब्याच्या गुंडाळीनं. स्क्विड वापरून केलेलं मोजमाप १९७२मध्ये प्रसिद्ध झालं.

सगळ्यात चिवट गैरसमज मेगच्या अहवालातल्या, मेंदूच्या चित्रावरच्या रंगीत ठिपक्याचा. तो फोटो नव्हे, गणितानं काढलेला अंदाज आहे. वाड्याच्या बाहेरून आवाज ऐकून आत कोण कुठल्या खोलीत बोलतंय हे सांगायचं, तसलंच हे काम. बाहेरच्या मोजमापांवरून आतल्या प्रवाहांचं एकमेव उत्तर मिळत नाही, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५३मध्येच दाखवलं होतं. म्हणून काही गृहीतकं धरावी लागतात, आणि मग उत्तर रुग्णाच्या एमआरआयवर मांडलं जातं. क्षण मिलिसेकंदांत पकडता येतो. जागेची खात्री मात्र प्रवाह मेंदूत जितका खोल, तितकी घटते.

शिवाय मेगला सगळं ऐकू येत नाही. मेंदूच्या घड्यांच्या भिंतींतले, म्हणजे कवटीला समांतर वाहणारे प्रवाह त्याला कळतात. घडीच्या माथ्यावरचे, थेट कवटीकडे रोखलेले प्रवाह जवळपास मुके राहतात. टाळूवरून मेंदूची वीज मोजणाऱ्या ईईजीला ते दिसू शकतात. त्यामुळे ठिपका नाही म्हणजे तिथं सामसूम आहे, असं म्हणता येत नाही. (मनातलं वाचण्याच्या गप्पा तर सोडूनच द्या.)

अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी, बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी, झटक्यांचं मूळ शोधताना मेग वापरतात. तिथंही ईईजी आणि एमआरआय शेजारी ठेवूनच निर्णय होतो. गरज पडली तर कवटीच्या आत इलेक्ट्रोड बसवून खात्री करतात.